तुझ्या वाट्याची चळत

फिलू, हातिजे मावशींकडून मेसेज आलाय. पुढच्या आठवड्यात पोळ्या लाटायला बसतायत. यंदा फिलूची चळत केवढी लावू, असं विचारलंय. आणि खाली लिहिलंय, "तुम्ही दोघी येणार आहात की याही वर्षी नुसत्या थापा?"

थापा हा शब्द माझ्या फोनचा. मावशींची सून एलिफ तुर्कीत लिहिते, फोन त्याचं मराठी करतो, आणि ते मराठी नेहमी भांडखोर निघतं. मूळ वाक्य गोडच असणार. तरी मला झोंबलं, कारण थापा खरोखरच मारल्या गेल्या होत्या, आणि त्या मी मारल्या होत्या.

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. मावशींच्या गावात हे कुणालाच ठाऊक नाही. कळवायचं तर मीच कळवायला हवं. सकाळपासून तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. चहा गार झाला, सह्यांच्या फायली टेबलावर तशाच पडल्यात, आणि मी पन्नाशी उलटलेली बाई एका म्हातारीला चार शब्द कळवायला घाबरून बसलेय.

खरं तर या कामात माझा हात कुणी धरणार नाही. इथं बहारीनमध्ये, हिद्दच्या आमच्या कंपनीत तीन-चारशे माणसं. त्यांचे व्हिसा, त्यांच्या रजा, त्यांची आजारपणं माझ्याकडे. एखादा शिफ्ट संपवून खोलीवर येतो, छातीत दुखतंय म्हणतो आणि जातो. मग त्याच्या घरी फोन मी करते. "धीरज रखिए, कागज का सब मैं देख लूँगी." हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. एकदा तुझ्यासमोर असा फोन केला, तर तू म्हणालीस, "वैजू, तू रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखी बोलतेस गं." मी चिडले. म्हटलं, मग काय तुझ्यासारखं प्रत्येक पेशंटपाशी बसून डोळे पुसू? तर म्हणे, "पुसलेस तर काय झिजशील?" त्या वादाचा निकाल लागायचा राहिलाच. तू नर्स, मी एचआरवाली. दोघींना आपापलं खरं वाटायचं.

तुझेही कागद मीच केले. वसईहून तुझ्या भावाचा, पास्कलचा फोन आला, "ताई, आमाला तिथलं कायच कळत नाय, तुमीच बघा." बघितलं. सलमानिया हॉस्पिटलातून मृत्यूचा दाखला, वकिलातीचं पत्र, रेसिडेन्ट कार्ड रद्द, विमानाचं बुकिंग. कुठल्या खिडकीवर आधी जायचं, कुठला कारकून किती वाजता चहाला उठतो, सगळं पाठ. ऑफिसात कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. वैजयंती मॅडम वकिलातीत गेल्यात म्हणजे कुणी कामगार गेला असेल. मीही बोलले नाही. आमच्याकडे जवळच्या नातेवाइकासाठी तीन दिवस दुखवट्याची रजा मिळते. आई, वडील, नवरा, बायको, मूल, भाऊ, बहीण. त्या यादीत मैत्रीण नाही. ती यादी मीच टाइप केलेली आहे.

वकिलातीत तुझा पासपोर्ट रद्द केला, कोपरा कात्रीनं कापला आणि मला परत दिला. मी तो उगाच चाळला. तुर्कस्तानच्या व्हिसाच्या पानावर तू पेन्सिलीनं बारीक अक्षरात हातिजे मावशींचा पत्ता लिहून ठेवला होतास. पासपोर्टवर काही लिहायचं नसतं, हे मी तुला हजारदा सांगितलं होतं. तिथंच खिडकीसमोर मी मोठ्यानं म्हटलं, "अगं काय हे!" मागच्या माणसाला वाटलं त्यालाच म्हणतेय.

मावशी तुझ्या वॉर्डातल्या. त्यांचा मुलगा इथं कामाला होता, बांधकामाच्या मचाणावरून पडला आणि सहा आठवडे तुझ्याकडे पडून होता. आई धावत आली. ना अरबी, ना इंग्रजी. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून ती बाई पलंगाशेजारी विणत बसायची. तू तिला चहा दिलास. दूध घातलेला चहा बघून तिनं तोंड कसं केलं याची नक्कल तू मला करून दाखवली होतीस. दुसऱ्या दिवसापासून तू तिला काळा चहा न्यायला लागलीस आणि स्वतःही तिच्याबरोबर तोच प्यायलीस, तोंड वाकडं न करता. मुलगा चालायला लागला, ती परत निघाली, तेव्हा तिनं तुझे दोन्ही हात धरून काहीतरी म्हटलं. मुलानं सांगितलं, "आई म्हणते, आमच्या गावी ये. नाही आलीस तर पुन्हा पडेन म्हणून धमकी द्यायला सांगितलंय मला."

लोक असं म्हणतात आणि विसरतात. तू विसरली नाहीस. तुझा पन्नासावा वाढदिवस आला तेव्हा मला म्हणालीस, "चल, तुर्कस्तानला जाऊ." मला आनंद झाला. मी लगेच मशिदी, बाजार, बोटीची सफर, गरम हवेचे फुगे, अशी यादी केली. तू माझ्या यादीवर काट मारत गेलीस. आठ दिवसांतले पाच दिवस त्या गावात. मी म्हटलं, "फिलू, एवढं विमानानं जाऊन बिटाच्या शेतात बसायचं? बीट जनाबियाच्या सुपरमार्केटात मिळतं." तू म्हणालीस, "मिळतं ना, मग ते उगवतं कुठं ते बघून ये."

आता कबूल करते, गाव बघून माझा मूडच गेला होता. एक रस्ता. एका टोकाला धान्याचं कोठार, दुसऱ्या टोकाला चहाचं दुकान, त्यात सगळे पुरुष आणि बाहेर सगळे ट्रॅक्टर. पॉपलरच्या झाडांची रांग, मग नांगरलेली तपकिरी जमीन, ती थेट डोंगरापर्यंत. इतकं शांत की आपल्या चपलांचा आवाज आपल्याला नकोसा व्हावा. मी नेटवर्क शोधत अंगणभर फिरत होते. आणि तू, वसईच्या वाडीत वाढलेली, गाडीतून उतरल्या उतरल्या वाकून मातीचं ढेकूळ उचललंस, बोटांनी फोडलंस आणि मावशींच्या नवऱ्याला खुणेनं विचारलंस, पाणी कुठून आणता? तो म्हातारा तुला विहीर दाखवायला घेऊन गेला. तासाभरानं परत आलात तेव्हा तुम्ही दोघं आपापल्या भाषेत जोरजोरात बोलत होतात आणि दोघांनाही सगळं कळत होतं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. मी तिथं पाहुणी होते. तू घरची होतीस, पहिल्या तासापासून.

पोळ्यांचे दिवस होते. त्यांच्याकडे हिवाळ्याच्या आधी गल्लीतल्या बायका जमतात आणि वर्षाच्या पोळ्या करून ठेवतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, आपल्याकडे पापड लाटायला जातात तसं. कागदासारखी पातळ, परातीएवढी मोठी पोळी, लाटणं म्हणजे जवळजवळ काठीच. उपड्या तव्यावर भाजून कडक करायची आणि चळत रचायची. खायच्या आधी पाणी शिंपडून फडक्यात गुंडाळली की मऊ होते. मी पुण्याची, पोळ्या म्हणजे आपला प्रांत, असं म्हणून बाह्या सरसावून बसले. माझी पहिली पोळी छान गोल, तळहाताएवढी झाली. मावशींनी ती उचलून सगळ्यांना दाखवली, बायका खो खो हसल्या, आणि ती कोंबड्यांना गेली. तू तर तांदळाच्या भाकरीवर वाढलेली, तुझ्या चपातीला आम्ही इतकी वर्षं नावं ठेवली. पण तू मावशींच्या हातांकडे बघत राहिलीस आणि दुपारपर्यंत तुझी पोळी त्यांच्या पोळीवर ठेवली तर कोणती कुणाची ते ओळखू येईना. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

तीन दिवस आपण त्या घोंगडीवर शेजारी शेजारी बसून लाटत होतो. मला पाठदुखी, तुला गाणं. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या खांबावरच्या कर्ण्यातून आवाज आला आणि सगळ्या बायकांची लाटणी एकदम थांबली. खालच्या गल्लीतल्या फातमाबाई गेल्या. आदल्याच दिवशी त्या मावशींच्या डाव्या हाताला बसून लाटत होत्या, आणि माझ्या पाठीला हात लावून सरळ बस म्हणाल्या होत्या. कुणी रडारड केली नाही. मावशी उठल्या, आत गेल्या आणि फातमाबाईंच्या वाट्याची चळत घेऊन आल्या.

ती पद्धत एलिफनं आपल्याला फोनवर टाइप करून समजावली. जी लाटते तिचा वाटा असतो. ती आली नाही, दूर राहिली, तरी वाटा तिच्या नावानं फडक्यात बांधून ठेवतात. पुढच्या वर्षी जुना घरात वापरून नवा त्या जागी ठेवतात. पण ती वारली तर तो घरात खायचा नाही. दारोदार वाटून टाकायचा, एक एक पोळी, तिचं नाव घेऊन. तू लगेच विचारलंस, "वाटायचा कुणी? मुलांनी?" मावशींनी मान हलवली. मुलांनी नाही, बहिणीनंही नाही. शेजारी बसून लाटणारीनं. मावशी फातमाबाईंच्या शेजारी चाळीस वर्षं बसत होत्या. त्या चळत डोक्यावर घेऊन निघाल्या, आणि आपण दोघी उंबऱ्यात उभ्या राहून बघत होतो. तू क्रुसाची खूण केलीस. मी घड्याळ बघितलं, कारण आपल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं आणि माझी बॅग भरायची होती.

बॅगेवरूनही वाजलं आपलं. मी माझा वाटा बरोबर घेतला. टॉवेलात गुंडाळून, वजन करून, नीट. तू तुझा तिथंच ठेवलास. म्हणालीस, "न्यायचा नसतो. ठेवला की यावं लागतं." मी म्हटलं, "हे सगळं बोलायला ठीक आहे. पोळी हातात असली की आपली." माझ्या पोळ्यांचा विमानात चुरा झाला. बहारीनच्या दमट हवेत उरलेल्यांना आठ दिवसांत बुरशी आली. तू फक्त हसलीस, आणि ते मला जास्त लागलं.

आता ते सांगते जे तुला सांगायचं राहिलं.

गेल्या वर्षी भाद्रपदात गणपती उठले आणि तू माझ्या मागे लागलीस. "चल वैजू, पोळ्यांचे दिवस आले. या वेळी पंधरा दिवस." मी म्हटलं, विचारते. चार दिवसांनी तुला सांगितलं, आमच्या मॅनेजरनं, युसुफनं रजा नाकारली. प्रोजेक्ट बंद करायच्या घाईत आहेत, नाही म्हणाला. तू म्हणालीस, "एकदा अजून विचार ना." मी म्हटलं, "विचारलं गं, ऐकत नाही तो."

फिलू, मी विचारलंच नव्हतं. एकदाही नाही. युसुफच्या केबिनचं दार माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. मी उठलेच नाही.

का, ते गेले बावीस दिवस स्वतःला विचारतेय. पंधरा दिवस मी नसले आणि ऑफिस सुरळीत चाललं तर, ही एक भीती. आणि दुसरी, जास्त लाजिरवाणी. त्या गावात तू सगळ्यांची होतीस आणि मी तुझ्याबरोबर आलेली बाई. इथं तू माझी होतीस. माझ्या सईच्या जन्माच्या वेळी अडलेली असताना "आई गं" ओरडले, तर पडद्यामागून "काय झालं गं बाय?" असं मराठीतून विचारणारी. सईला ताप आला की ड्यूटी संपवून, बस बदलून येणारी. तिच्याशी मराठीतच बोलणारी. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं की "मला समजलं नाही हं" म्हणून ठार बहिरी होणारी. तिथं मी तुला पंधरा दिवस त्या बायकांच्या हवाली करायला तयार नव्हते. एवढंच. याला दुसरं चांगलं नाव नाही.

"तू एकटी जा ना मग," असंही मी म्हटलं होतं. वरवर म्हटलं होतं. तू म्हणालीस, "एकटीनं लाटायला थोडंच बसतात?"

तू मला माफ केलंस, पण युसुफला नाही केलंस. तो बिचारा नोव्हेंबरात तुमच्याकडे इंजेक्शनला आला आणि नेमका तुझ्या हाती सापडला. दुसऱ्या दिवशी दंड चोळत मला विचारतो, "वो तुम्हारा फ्रेंड सिस्टर, वो मेरे से गुस्सा क्यूँ है? मैं क्या किया?" मी म्हटलं, "उसका नेचर ऐसा ही है." तुझा स्वभाव! जी बाई तुर्की म्हातारीसाठी काळा चहा प्यायली, तिचा स्वभाव! मी हसले आणि फाइल पुढं सरकवली.

मग वसंतात तुझं पोट दुखायला लागलं. तू इतरांना तपासणीला हाकलणारी, स्वतःला मात्र गॅस आहे म्हणत तीन महिने ओवा चघळत राहिलीस. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की "मी काय सुतारकाम करते का, मला कळत नाही का?" असं म्हणायचीस. कळत होतं तुला. मला आता वाटतं, सगळं कळत होतं. रिपोर्ट आल्यावर पहिली गोष्ट काय म्हणालीस? "मावशींना सांगू नकोस. म्हातारी उगाच काळजी करेल. बरी झाले की आपण जाऊच." इंशाल्ला, असं शेजारच्या खाटेवरची अरब बाई म्हणाली. तिला काय कळलं होतं कुणास ठाऊक, पण तू तिला मान डोलावलीस.

सलमानियात भेटायच्या वेळेत मी रोज यायचे आणि काय करू ते मला समजायचं नाही. उशी सरळ करायचे. तू म्हणायचीस, "सरळच होती." पाणी ओतायचे. तू म्हणायचीस, "आत्ताच प्यायले." माझ्याकडे द्यायला कागदांशिवाय काही नव्हतं आणि कागदांची वेळ अजून आली नव्हती. शेवटच्या गुरुवारी मी ठरवून आले होते, आज सांगायचं. दारातच वाक्य तयार केलं होतं. खुर्चीवर बसले, तुझा हात घेतला, आणि तूच आधी बोललीस.

"वैजू, बरं झालं ना गेल्या वर्षी युसुफनं सोडलं नाही ते. गेलो असतो आणि तिथंच दुखायला लागलं असतं तर? मावशींना केवढा ताप झाला असता. तू त्याच्यावर राग धरू नकोस."

मी काय करायचं होतं, सांग. बोलायचं दार तूच लावून टाकलंस. मी "हो" म्हटलं. "हो, बरंच झालं." गेल्या वर्षी तुला दुखत नव्हतं, फिलू. गेल्या वर्षी तू पंधरा दिवस गाणी म्हणत लाटलं असतंस. ओठावर आलेलं मी गिळलं, आणि रविवारी पहाटे वॉर्डातून फोन आला. पलीकडची बाई मला म्हणाली, धीर धरा. अनाउन्समेंटसारखंच म्हणाली. तू म्हणायचीस ते खरं आहे, तसं नाही बोलायचं कुणाशी.

ऐक, मघाशी पाठवला मेसेज. चौथ्यांदा लिहिला आणि पुसायच्या आत बोट दाबलं. "मावशी, फिलू गेली. तिनंच सांगू नका म्हटलं होतं. मला माफ करा. वैजू." फोननं त्याचं काय तुर्की केलं देव जाणे. दोन खुणा उमटल्या, निळ्या झाल्या. मी फोन उपडा ठेवला. उताणा केला. खिडकीबाहेर बंदरावरच्या क्रेन उभ्या होत्या, धुरकट उन्हात. मला एकदम तो खांबावरचा कर्णा आठवला आणि वाटलं, आता तिथं तुझं नाव घेतील. इतका वेळ निदान एक गाव होतं जिथं तू नुसतीच यायची राहिली होतीस. आज मी तेही संपवलं.

मग मावशींचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. त्यातलं मला फक्त तुझं नाव कळलं, तीनदा. खाली एलिफनं लिहिलं होतं. ते जसं आलं तसं सांगते:

"आई रडली. म्हणते, फिलूची चळत आतल्या खोलीत आहे, वाटावी लागेल. ती वाटल्याशिवाय आमच्याकडे नवी पोळी लाटता येणार नाही. आई हात लावत नाही. मी पण नाही. शेजारी तू बसली होतीस. आमच्या घरची पाळी सगळ्यांच्या शेवटी ठेवली आहे. ये."

मी ते चार वेळा वाचलं. फोनचं मराठी या वेळी भांडखोर नव्हतं. मला वाटत होतं, सांगितलं की सुटले. मावशींनी तर मला कामच लावलं. त्या गल्लीत बावीस-पंचवीस दारं आहेत. प्रत्येक दारात उभं राहून मी तुझं नाव घ्यायचं आणि तुझ्या वाट्याची पोळी दुसऱ्याच्या हातात द्यायची. मला ते येणार नाही, फिलू. मला रडायला येत नाही, मला ती भाषा येत नाही, आणि त्या बायकांना वाटेल की मी तुझी फार जवळची होते. जवळची असते तर दहा पावलं उठून गेले नसते का?

पण दुसरं कुणी चालणारच नाही म्हणतात. मग मी उठले. तीच दहा पावलं. युसुफच्या दारावर टकटक केली आणि उभ्या उभ्या म्हटलं, "मला रजा हवीय. दहा दिवस. पुढच्या आठवड्यापासून."

त्यानं मान वर केली. "इंडिया?"

"नाही. टर्की."

"ओके," म्हणाला. संगणकाकडे वळला, दोन ठिकाणी बोट दाबलं. "खलास. हो गया."

मी तिथंच उभी. माझा विश्वास बसेना. मी काहीतरी कारणं तयार केली होती, ती तशीच राहिली. त्याला वाटलं मला अजून काही हवंय. म्हणाला, "क्या हुआ? तुम मांगेगा तो मैं कभी ना बोला क्या? यल्ला, जाओ, मजा करो." आणि मग मी दार ओढून घेत असताना त्यानं मागून हाक मारली. हसत होता. "मदाम, वो तुम्हारा सिस्टर फ्रेंड भी जा रहा है ना? उसको बोलो, अभी तो मेरे से गुस्सा नहीं करना."

मी म्हटलं, बोलते.

म्हणून बोलतेय, फिलू. त्याच्यावर रागावू नकोस. त्यानं कधीच नाही म्हटलं नव्हतं.